घरी लावू की नको? नव्या चित्रपटाचं घरगुती परीक्षण कसं लिहावं

सोलापुरात थिएटरबाहेर पडणाऱ्या माणसाचं परीक्षण दोन शब्दांत संपतं: ‘भारीय बे’ किंवा ‘पैसे गेले’. घरी बघणाऱ्याचं तेवढ्यावर भागत नाही. त्याचे पैसे वर्षाच्या वर्गणीत आधीच गेलेले असतात. त्याची अडचण अशी, की शनिवारी रात्री साडेनऊला जेवणं उरकून एकाच खोलीत सासूबाई, नवरा, आठवीतली मुलगी आणि सकाळी पहिल्या पाळीला जाणारा दीर बसलेत. यांच्यासमोर हा चित्रपट लावावा का, लावला तर कोणत्या भाषेत, आणि अर्ध्यातून कोण उठून जाईल?

चित्रपट पडद्यावर लागला तेव्हा छापून आलेल्या परीक्षणांत याची उत्तरं मिळत नाहीत. ती थिएटरच्या अंधारात, मोठ्या आवाजात, एकट्याने बघून लिहिलेली असतात. तीच परीक्षणं दोन महिन्यांनी चार वाक्यं इकडची तिकडे करून ‘ओटीटीवर आला’ म्हणून फिरतात. घरासाठी लिहायचं तर चित्रपट घरी, घरच्या अवस्थेत बघूनच लिहायला हवा. सोसायटीच्या गटासाठी लिहा, नातेवाइकांसाठी लिहा किंवा एखाद्या स्थानिक अंकासाठी, पद्धत तीच.

‘नवा’ म्हणजे कधीचा

घरच्या प्रेक्षकासाठी चित्रपट घरी पोचतो त्या दिवशी नवा होतो. हिंदी चित्रपटाने घरी येण्याआधी ८ आठवडे थांबावं असा देशभरातल्या मल्टिप्लेक्स साखळ्यांचा आग्रह असतो. दक्षिणेकडचे बरेच चित्रपट ४ आठवड्यांच्या आसपासच घरी येतात, आणि म्हणूनच त्यातल्या काहींच्या हिंदी आवृत्तीला या साखळ्या पडदे देत नाहीत. मराठीचा काही नेम नाही. एखादा महिन्या-दीड महिन्यात येतो, तर एखादा कितीतरी दिवस कुठेच सापडत नाही आणि मग एका रविवारी दुपारी थेट वाहिनीवर ‘वर्ल्ड टेलिव्हिजन प्रीमियर’ म्हणून उगवतो.

याचा उपयोग असा: महिन्याच्या सुरुवातीला, दीड-दोन महिन्यांपूर्वी थिएटरात काय लागलं होतं त्याची यादी काढा. पुढच्या शुक्रवारांत घरी काय येणार याचा अंदाज त्यातूनच येतो. चित्रपट शुक्रवारी आला तर परीक्षण शनिवारी दुपारपर्यंत तयार हवं, कारण घराघरांत ‘आज काय बघायचं’ हा प्रश्न तेव्हाच निघतो. सोमवारी लिहिलेलं चांगलं परीक्षण शनिवारच्या साध्या परीक्षणापेक्षा कमी कामाचं ठरतं.

काही चित्रपट वर्गणीत यायच्या आधी भाड्याने मिळतात. प्राइम व्हिडिओवर भाड्याने घेतल्यावर बघायला सुरुवात करण्यासाठी साधारण ३० दिवस आणि एकदा सुरू केला की संपवायला ४८ तास मिळतात. अशा वेळी परीक्षणात एक वाक्य वाढवा: भाडं भरून आत्ताच बघण्यासारखा आहे, की वर्गणीत येईपर्यंत थांबलं तरी चालेल? माझं उत्तर बहुतेक वेळा ‘थांबा’ असतं.

कोणती प्रत, कोणती भाषा

सोलापुरात ही पायरी सगळ्यांत मोठी. पूर्व भागातल्या पद्मशाली (तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजाच्या) घरांत अव्वा, म्हणजे आजी, तेलुगूत हसते, मुलगा हिंदीत आणि नातवंडं मराठी शाळेतली. अक्कलकोटकडच्या आणि दक्षिण सोलापुरातल्या कितीतरी घरांत कन्नड बोलली जाते. शहरात दखनी-उर्दू बोलणारी वस्ती मोठी. एकच चित्रपट या सगळ्या घरांत वेगळा होऊन पोचतो, आणि ‘चित्रपट चांगला आहे’ एवढंच लिहिणारा यातल्या निम्म्या लोकांना काहीच सांगत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे एकाच चित्रपटाच्या सगळ्या भाषा एकाच ठिकाणी असतील असं गृहीत धरू नका. २०२२ मध्ये ‘आरआरआर’ची हिंदी आवृत्ती नेटफ्लिक्सवर आली आणि तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळम आवृत्त्या झी५ वर. ज्या घरात फक्त एकाची वर्गणी होती, तिथे भाषा आपोआप ठरली. हक्क असे तुकड्यांनी विकले जातात. हिंदी डबिंगचे हक्क तर बऱ्याचदा वेगळ्याच कंपनीकडे असतात. म्हणून परीक्षणात प्रत्येक भाषा कुठे आहे ते नीट तपासून लिहा. ‘ऑडिओ’च्या यादीत जाऊन स्वतः बघा. मुखपृष्ठावरच्या चित्रावरून काही कळत नाही.

दुसरी गोष्ट, डबिंगची परीक्षा. आख्खा चित्रपट दोनदा बघायची गरज नाही. एक भांडणाचा आणि एक विनोदाचा प्रसंग निवडा आणि तोच प्रसंग मूळ भाषेत व डबमध्ये पाठोपाठ ऐका. भाषा येत नसली तरी चालेल. मूळ प्रसंगात पात्र गप्प आहे आणि डबमध्ये त्याच जागी बडबडतंय का? पावसाचा, गर्दीचा आवाज डबमध्ये पातळ झालाय का? सगळी म्हातारी माणसं एकाच आवाजात बोलतायत का? गाणी डब केलीत की मूळच ठेवलीत? विनोद डबमध्ये सर्वांत आधी मरतो आणि मारामारी शेवटपर्यंत टिकते. त्यामुळे मारधाडीचा चित्रपट हिंदीत बघितला तरी फारसं बिघडत नाही. घरगुती विनोदी चित्रपट मात्र ज्यांना भाषा येते त्यांनी मूळ तेलुगूतच बघावा, असं मी स्पष्ट लिहिते.

तिसरी गोष्ट सबटायटल. इंग्रजी सबटायटल जवळपास प्रत्येक चित्रपटाला असतात, मराठी क्वचितच. ज्या आजींना इंग्रजी वाचता येत नाही त्यांच्यासाठी ‘सबटायटलसह उपलब्ध’ या वाक्याला काही अर्थ नाही. आणखी एक तपासा: डब आवाज लावून सबटायटल सुरू केले की दोन्हींत वेगवेगळी वाक्यं येतात का? मूळ संवादावरून केलेले सबटायटल आणि ओठ जुळवायला बदललेला डबिंगचा संवाद यांचा मेळ बसत नाही, आणि वाचत-वाचत ऐकणारा माणूस वैतागतो. पात्रांच्या मोबाइलवरचे निरोप, पत्रं, दुकानाच्या पाट्या असल्या पडद्यावरच्या मजकुराचा अनुवाद दिलाय का, तेही बघा. रहस्यपटात याच्यावाचून अडतं.

चित्रपट वाहिनीवर बघितला असेल तर तसं लिहिणं सक्तीचं समजा. ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट वाहिनीवर तसाच्या तसा दाखवता येत नाही. कापून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. शिवाय जाहिराती बसवण्यासाठी कथा भलत्याच जागी तुटते. ‘कथा तुटक वाटते’ हा दोष दिग्दर्शकाचा की वाहिनीचा, हे दुसरी प्रत बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

टीव्ही सरळ करा

दुकानातून आलेला टीव्ही बहुतेक वेळा ‘व्हिव्हिड’वर लावलेला असतो: भडक रंग, निळसर पांढरा. तो ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर आणा. मग ‘मोशन’ नावाचा पर्याय शोधा. कंपनीगणिक त्याचं नाव बदलतं. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो आणि हा पर्याय मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने बनवून भरतो. त्यामुळे कोट्यवधींचा चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. तो बंद करा. हे न करता ‘छायाचित्रण मालिकेसारखं वाटतं’ असं लिहिलेलं परीक्षण मी वाचलंय, आणि मला त्या छायाचित्रकाराची दया आली.

वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणून चित्र ताणू नका. घरचा टीव्ही १६:९ चा, आणि अनेक मोठे चित्रपट २.३९:१ या रुंद चौकटीत असतात. मग टीव्हीच्या उंचीचा साधारण पाव भाग काळा राहणारच. ३२ इंची टीव्हीवर अशा चित्रपटातली दूरची माणसं मुंगीएवढी दिसतात. चित्रपट लांबच्या दृश्यांवर उभा असेल तर ‘लहान टीव्हीवर यातलं निम्मं जातं’ हे लिहिण्याजोगं आहे.

आवाजाची गोष्ट चित्रापेक्षा महत्त्वाची. चित्रपटाचं ध्वनिमिश्रण थिएटरच्या शांततेसाठी केलेलं असतं. सपाट टीव्हीचे स्पीकर छोटे, बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. परिणामी कुजबुज ऐकायला आवाज चढवावा, तर पुढच्याच क्षणी गाणं शेजारच्यांच्या घरात जातं. त्यात एप्रिल-मे. चाळिशीपार गेलेल्या उन्हाळ्यात सोलापुरात कूलर बंद करून चित्रपट बघा असं सांगणारा माणूस इथला नव्हेच. म्हणून मी मुद्दाम कूलर चालू ठेवून बघते. पूर्व भागात यंत्रमागाची खडखड असेल तर तीही धरा. कूलरच्या घरघरीत संवाद कळतात का, किती वेळा रिमोट हातात घ्यावा लागला, हे लिहा. पात्रं तोंडातल्या तोंडात बोलणारी असतील तर घरच्या प्रेक्षकाला अभिनयाच्या कौतुकाआधी ही माहिती हवी असते. ऑडिओच्या यादीत ‘५.१’ (खोलीभर लावलेल्या अनेक स्पीकरांसाठीचा आवाज) आणि साधा स्टिरिओ असे दोन पर्याय असतील तर नुसत्या टीव्हीवर स्टिरिओ लावून बघा. संवाद पुष्कळदा सुधारतात.

मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी दोन ओळी. स्वस्त फोनांपैकी काहींत चित्रपटाची नक्कल रोखणाऱ्या सुरक्षेचा खालचा स्तर असतो आणि त्यावर कितीही चांगलं नेट असलं तरी चित्र पुसटच येतं. तो चित्रपटाचा दोष नाही. आणि एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खाऊ शकतं, त्यामुळे रोजच्या दीड जीबीत अडीच तासांचा चित्रपट एचडीत बसेलच असं नाही. डेटा वाचवण्याचा पर्याय लावला की अंधारातली दृश्यं चौकोनी डागांनी भरतात. चित्रपट रात्रीच्या दृश्यांचा असेल तर हे सांगा.

बघताना

वही घ्या, मोबाइल नको. मोबाइलवर टिपायला घेतलं की माणूस दुसरंच काहीतरी वाचत बसतो. टिपायची वेळ म्हणजे पडद्यावर दिसणारे तास-मिनिटं आणि पुढे दोन-तीन शब्द. ‘४२ मि., आई गप्प’ एवढं पुरतं.

चित्रपटाची टीप डावीकडच्या पानावर ठेवा आणि खोलीची उजवीकडच्या. खोलीची टीप म्हणजे कोण कधी उठलं, कोणी ‘थांबव जरा, मी आले’ म्हटलं आणि कोणी ‘राहू दे, चालू दे’ म्हटलं. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सासूबाईंनी पाणी प्यायला जाताना थांबवायला सांगितलं, याहून मोठं प्रमाणपत्र चित्रपटाला मिळणं कठीण. घरच्यांना ‘कसा वाटला’ असं लगेच विचारू नका. लोक ‘बरा होता’ म्हणून मोकळे होतात. दुसऱ्या दिवशी चहाला विचारा, ‘त्यातलं काय आठवतंय?’ मुलीने एखाद्या दुय्यम पात्राची नक्कल करून दाखवली तर ते पात्र परीक्षणात यायलाच हवं.

मध्यंतराकडे विशेष लक्ष ठेवा. आपले चित्रपट मध्यंतर धरून लिहिले जातात: बरोबर मध्यावर एक धक्का, मग चहा-समोसा, मग नवी सुरुवात. घरी मध्यंतर नसतं. धक्क्याला लागूनच संथ नवी सुरुवात येते आणि उतार जास्त जाणवतो. ‘उत्तरार्ध ढेपाळतो’ असं लिहायच्या आधी त्या जागी स्वतः दहा मिनिटं थांबून बघा. थांबल्यावर उत्तरार्ध नीट लागला, तर वाचकाला तसंच सांगा: एक तास दहाव्या मिनिटाला चहा ठेवा.

सलग एका बैठकीत बघणं शक्य नसेल तर कुठे तोडलं ते लिहून ठेवा. वीज गेली म्हणून तोडलेला चित्रपट आणि कंटाळून तोडलेला चित्रपट यांना एकाच तागडीत तोलू नये.

कोणासोबत बघावा

प्रमाणपत्राचे गट आता बदललेत. २०२४ च्या नियमांनी ‘यूए’चे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. ओटीटीवरची वयाची खूण मात्र सेन्सॉर बोर्डाची नसते. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती ते माध्यम स्वतः लावतं आणि सोबत हिंसा, भाषा वगैरे कारणंही देतं. थिएटरात आलेल्या चित्रपटाची थिएटरातली खूण आणि घरची खूण वेगळी निघू शकते. दोन्ही टिपा.

तरी खुणेवर विसंबू नका. खूण मुलांसाठी असते. आपल्याकडे अवघडलेपण मोठ्यांचंही असतं. सासऱ्यांसमोर सून बसली आहे आणि पडद्यावर प्रणय लांबला, यावर कुठलंही मंडळ शिक्का मारत नाही. अशा प्रसंगाचं वर्णन न करता वेळ द्या: ‘५५ मिनिटांच्या पुढे तीन-चार मिनिटं, एकत्र बसणार असाल तर लक्षात ठेवा.’ शिव्यांचंही तसंच. नुसतं ‘शिव्या आहेत’ म्हणण्यापेक्षा किती सतत आहेत ते लिहा. आजारपण, बाळाचा मृत्यू, आत्महत्या असे विषय असतील तर तेही आधी सांगा. ज्या घरात असं नुकतंच घडलंय तिथे ही एक ओळ सगळ्या परीक्षणाहून मोलाची असते. इथे कथा फुटली तरी फुटू द्या.

लिहायला बसल्यावर

वर चौकटीत कोरडी माहिती टाका: कुठे, कोणत्या भाषांत, किती लांब, वर्गणीत की भाड्याने, मी कोणती प्रत बघितली, तारीख. मग पहिल्याच वाक्यात निकाल. वाचक रिमोट हातात धरून वाचतोय, त्याला शेवटापर्यंत ताटकळत ठेवण्यात काय मोठेपणा?

तारे मला आवडत नाहीत. साडेतीन तारे म्हणजे आज लावायचा की नाही? त्यापेक्षा तीनच निकाल ठेवा: ‘आज रात्री, सगळ्यांनी’, ‘सुट्टीत, निवडक माणसांनी’, ‘राहू द्या’. तिसरा निकाल द्यायला कचरू नका, पण त्याला कारण जोडा.

कथा किती सांगावी? पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत जे घडतं तेवढी. ट्रेलरमध्ये आलंय म्हणून सांगायला मोकळे, असं समजू नका. हल्ली ट्रेलरच शेवटापर्यंत जातात.

आता वाक्यं. समजा, सरपंचाच्या निवडणुकीवरचा एक विनोदी चित्रपट आहे. त्यावर नेहमी असं लिहिलं जातं: ‘दिग्दर्शकाने विषय उत्तम हाताळला आहे. सर्वांचे अभिनय दमदार. संगीत श्रवणीय. पूर्वार्ध वेगवान, उत्तरार्ध काहीसा रेंगाळतो. एकदा बघायला हरकत नाही.’ हे परीक्षण कुठल्याही चित्रपटाला डकवता येतं. तेच असं लिहा: ‘प्रचाराची जीप चिखलात रुतते तो प्रसंग बघताना आमच्या घरात सासूबाईंपासून मुलीपर्यंत सगळे हसले, कारण उमेदवार आत बसूनच भाषण चालू ठेवतो. पण मतमोजणीपासून विनोद संपतो आणि चाळीस मिनिटं भाषणंच उरतात; दीर तेव्हाच झोपायला गेला. संवाद कूलर चालू असतानाही कळतात. मुलांसोबत चालेल. रविवारी दुपारी लावा, रात्री उशिरा नको.’ दुसऱ्या उताऱ्यात ‘दमदार’ नाही, ‘श्रवणीय’ नाही, आणि तरी वाचणाऱ्याला चित्रपट दिसतो. विशेषण लिहावंसं वाटलं की थांबा आणि ते कोणत्या प्रसंगामुळे सुचलं तो प्रसंग लिहा.

बोलीबद्दल सोलापूरकराने जरूर बोलावं. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. २०१६ च्या ‘सैराट’ने इकडची बोली राज्यभर पोचवली. तेव्हापासून आपल्या बोलीची नक्कल पडद्यावर कोणी केली की आपले कान टवकारतात. कोणी वाक्यागणिक ‘बे’ लावून सोलापुरी झाल्याचा आव आणत असेल तर टोका. मात्र तेवढ्यावर चित्रपट निकालात काढू नका. लातूरच्या, जळगावच्या वाचकाला त्या कसोटीशी देणंघेणं नाही.

काही गोष्टी टाळा

टेलिग्रामवर आलेल्या फायलीवरून परीक्षण लिहू नका. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर थिएटरात चित्रपट चोरून चित्रित करणाऱ्याला ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी तसल्या प्रतीत आवाज आणि रंग बिघडलेले असतात, म्हणजे तुम्ही जे तोलताय तो चित्रपटच नव्हे.

परीक्षणासाठी चित्रपटातला छोटा अंश वापरायला १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाजवी वापराची मुभा आहे. ती परीक्षणापुरतीच, आख्खं गाणं किंवा शेवटचा प्रसंग चढवणं त्यात बसत नाही. निर्मात्यांनी प्रसिद्धीसाठी दिलेली छायाचित्रं वापरा, काम भागतं.

कोणी पैसे, फुकट वर्गणी किंवा पास दिला असेल तर ते वरच, चौकटीत लिहा. जाहिरातींच्या नियमांप्रमाणे तसं सांगणं आवश्यक आहेच. शिवाय सोलापूर तेवढं मोठं नाही; नवी पेठेत भेटलेला वाचक विचारतोच.

परीक्षण गेल्यावर त्याची तारीख पुसू नका, आणि महिन्या-दोन महिन्यांनी चौकट पुन्हा तपासा. भाड्याचा चित्रपट वर्गणीत आलेला असतो, नसलेली भाषा आलेली असते, कधी चित्रपट एका ठिकाणाहून दुसरीकडे गेलेला असतो. मजकूर तसाच ठेवा, चौकट बदला आणि ‘अद्ययावत’ लिहून नवी तारीख टाका.